पुढचा ब्रेक

माझ्याकडे दोन सायकली आहेत आणि दोन्हींना शॉकअप नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण चौसाळ्यात भेटणारा दर दुसरा माणूस मला तेच विचारतो. "सर, एवढ्या जाड टायरची गाडी, अन् शॉकअप कसा न्हाई?" नाही म्हणजे नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी डोंगरात चालवायच्या सायकली अशाच यायच्या. पोलादी नळ्यांचा सांगाडा, पुढचं चाक धरणारा सरळ पोलादी चिमटा, आणि खड्डा आला की माणसाने आपले कोपर-गुडघे वाकवायचे. आता जो तो मऊ गाडी शोधतो आणि वर पाठ दुखते म्हणून रडतो.

मी अभिमन्यू, शाळेत चित्रकला शिकवतो. चोवीस वर्षं झाली. माझी बायको मनिषा म्हणते की माझा स्वभाव तापट आहे. माझं म्हणणं असं की मी बरोबर असतो आणि लोकांना ते उशिरा कळतं. ज्या रविवारची गोष्ट सांगतोय त्या रविवारी मात्र मी बरोबर नव्हतो, आणि ते मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

दोन सायकलींची नावं थोरली आणि धाकटी. धाकटी काळी, दळणाची आणि दुधाची. थोरली मोहरीच्या रंगाची, पुण्याच्या जुन्या बाजारात गंजलेल्या कुलरांच्या ढिगामागे सापडलेली. मागच्या बाजूला तिच्या नळीला तडा होता. इथल्या दोन वेल्डरांनी हसत हसत मशीन काढलं होतं, पण या नळ्या मध्ये इतक्या पातळ असतात की ट्रॉली जोडणाऱ्या माणसाच्या हातात त्या जळून भोक पडतं. धर्मराजने ती गॅसवर, पितळ वितळवून जोडली. धर्मराज माझा वर्गमित्र. बारा-पंधरा हंगाम कोयता घेऊन कारखान्याला ऊस तोडायला गेला, गुडघे गेले तसा रानातच शेड टाकून वेल्डिंग करू लागला. त्याच्या हाताला जेवढं कळतं तेवढं माझ्या सगळ्या शाळेला कळत नाही.

थोरलीचा पुढचा ब्रेक नीट सांगायला हवा, कारण सगळं घडलं ते त्याच्यापायी. चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन शिंगं असतात. त्या दोघांमध्ये टायरच्या वरून जाणारा तारेचा एक फास असतो, आणि हँडलवरून आलेली वायर तो फास वर ओढून धरते. दाबलं की शिंगं आवळतात, चाक थांबतं. आणि समजा वरची वायर तुटली, तर फास सुटून खाली पडतो तो थेट फिरत्या टायरवर. टायरला हे मोठाले रबरी गुट्टे. फास त्यात अडकला की चाक जागच्या जागी आवळतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून धर्मराजने चिमट्यावर पत्र्याची एक पट्टी बसवून दिली होती, फास पडलाच तर पट्टीवर पडेल. दिसायला कुरूप होती. पट्टी कुरूपच असते.

आम्हा जुन्या सायकलवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. चारशे माणसं, सगळी माझ्यासारखीच. तिथे फोटो टाकायचा म्हणजे सायकल कंपनीतून निघाली तशी दिसली पाहिजे. स्टँड, घंटी, मागचं लाल भिंग काही दिसलं की लोक तुटून पडतात. मी थोरलीचा फोटो टाकला तेव्हा कुणीतरी लिहिलं, "सर, त्या पत्र्याने सगळी शोभा घालवली." त्याच संध्याकाळी मी पट्टी काढली. धर्मराजला सांगितलं नाही.

दसऱ्याला विजयसिंह भेटला. माझाच जुना विद्यार्थी. घरात चार पिढ्यांची जमीन आणि दोन पिढ्यांचं राजकारण, पोरगा मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. त्याच्याकडे पुढे-मागे शॉकअप असलेली नवीकोरी सायकल आहे आणि दर रविवारी तो बीडच्या पोरांबरोबर डोंगरात जातो. सोनं देताना थोरलीकडे बघून म्हणाला, "सर, ही किलोवर घेतली का?" दहा माणसं हसली. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही. दोन दिवसांनी त्याला फोन करून सांगितलं, माझी पोरगी हिच्यावर बसून बिब्याच्या उतरणीने तुझ्या आधी खाली पोचेल. तारीख ठरव.

संस्कृती माझी मुलगी. वीस वर्षांची, बीडला कॉलेजात. थोरलीवरच शिकली आणि आता माझ्यापेक्षा चांगली चालवते. बिब्याची उतरण म्हणजे बालाघाटाच्या कड्यावरून खाली जाणारी जुनी गाडीवाट, तीन-चार किलोमीटर नुसते दगड आणि सात वळणं. मनिषा म्हणाली, "पोरीला कावून पुढं करता? तुमाला राग आलाय तर तुमी जा की." तिला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शर्यतीच्या आधी दोन्ही सायकलींच्या पुढच्या वायरी बदलायच्या होत्या. गावातल्या दुकानात गिअरच्या सायकलींची काळी वायर टांगलेली होती, घेतली असती तर काम झालं होतं. पण थोरलीला काळी वायर? तिला मूळची चंदेरी होती. ती पुण्याहून मागवली, सोमवारी येणार होती. तोवर जुन्या लुनाच्या ब्रेकच्या दोन वायरी घेतल्या. वायरीच्या टोकाला धातूची गुंडी असते, ती ब्रेकच्या दांड्यातल्या खाचेत बसते. लुनाची गुंडी मोठी पडते. मी दोन्ही गुंड्या कानशीने घासून बारीक केल्या आणि बसवल्या. घासताना कानस तारांना चाटली. मला दिसलं. शनिवारी संध्याकाळी थोरलीच्या गुंडीपाशी एक बारीक तार उभी राहिली होती, ती मी नखाएवढी कापून टाकली, बोचू नये म्हणून.

रात्री संस्कृतीने विचारलं, "पप्पा, पुढची वायर नवी टाकली ना?"

"टाकली," मी म्हणालो.

रविवारी साडेसहाला ती निघाली. डांबरी रस्त्याने पंधरा किलोमीटर, हायवेला लागून मग आत. आठची वेळ ठरली होती. मनिषा आदल्या दिवशीच स्कूटी घेऊन वडवणीला बहिणीकडे गेली होती. मी आठनंतर निवांत जाणार होतो. बाप उभा असला की पोरीला दडपण येतं, असं कारण मी सांगितलं होतं. खरं म्हणजे ती हरली तर विजयसिंहाचं तोंड मला बघायचं नव्हतं.

सात वाजून दहा मिनिटांनी मी दुधाला जायला धाकटी अंगणात काढली. फाटकाशी आलो आणि सवयीने पुढचा ब्रेक दाबला. टक्क असा आवाज झाला आणि दांडा मोकळा माझ्या बोटांना येऊन लागला. गुंडी दांड्यात राहिली होती आणि वायर तिच्यापासून तुटून बाहेर लोंबत होती. फास सुटून टायरवर पडला होता. मी सायकल बोटभर पुढे ढकलली तर तो गुट्ट्यात शिरला आणि चाक हलेना.

दोन्ही वायरी एकाच दिवशी, एकाच कानशीने घासलेल्या होत्या. धाकटीवर तर मी दोन दिवसांत दहा वेळाही ब्रेक दाबला नव्हता.

आत जाऊन संस्कृतीला फोन लावला. तो तिच्याच खोलीत वाजला, उशीजवळ, चार्जिंगला लावलेला. मी वाजणाऱ्या फोनकडे बघत उभा राहिलो.

विजयसिंहाचा नंबर माझ्याकडे होता. मी तो काढला, नावावर बोट ठेवलं आणि उचललं. फोन केला की सांगावं लागणार होतं, की बाबा रे, तू भंगार म्हणालास ती भंगारच आहे, आणि ती मी केली आहे. त्याच्या शेजारी बीडची आठ-दहा पोरं उभी असणार. मी हिशेब केला. रानातून सरळ गेलं तर कडा पाच किलोमीटर. धाकटीवर मी पावणेआठपर्यंत पोचतो. तिला हळूच बाजूला घेतो, तुझ्या आजीची तब्येत बिघडली म्हणतो, शर्यत पुढच्या रविवारवर जाते. कुणाला काही कळत नाही. हा हिशेब मला त्या वेळी शहाणपणाचा वाटला.

धाकटीचा फास पकडीने तोडून फेकला. पुढे ब्रेक नाही, मागचा एकच. निघालो.

गावाबाहेर पांदीच्या वाटेला लागलो तसं कळलं की रानात माणूसच नाही. दिवाळी झालेली, टोळ्या कारखान्याला गेलेल्या, निम्म्या घरांना कुलपं आणि गल्लीतल्या मोटारसायकलीही मालकांबरोबर ट्रॉलीत चढून गेलेल्या. कापूस फुटून उभा होता आणि वेचायला कुणी नव्हतं. पांद संपली, बांध लागला. बांधावरून चालवलं, तारेच्या कुंपणाशी धाकटी खांद्यावर घेतली, पलीकडे टाकली, पुन्हा बसलो. एरवी हे करताना मला कोण आनंद होतो. हलकी पोलादी गाडी खांद्यावर घेऊन कुंपण ओलांडण्याचं सुख मी पोरांना तासभर सांगू शकतो. त्या दिवशी नळी खांद्याला लागत होती आणि मी शिव्या देत होतो, तारेला, कुंपणवाल्याला, विजयसिंहाला. स्वतःला दिली नाही. अजून नाही.

नांगरलेल्या रानात चाक रुतलं आणि मी पडलो. उठलो. उठताना डोळ्यांपुढे ती गुंडी आली, तिच्या बुडाशी चकाकणारी तुटलेली तारांची टोकं. संस्कृती आता हायवेवरून वळली असेल. सपाट रस्ता आहे, ब्रेकला काम नाही. कड्यावर पोचेल, थांबेल. थांबताना दाबेल. तिथेच तुटू दे, मी म्हणालो, मोठ्याने म्हणालो. देवाला मी फारसा त्रास देत नाही, पण त्या सकाळी खंडोबाला नवस बोललो. उभ्या-उभ्या तुटू दे.

धर्मराजचं रान कड्याच्या अलीकडे हाकेच्या अंतरावर आहे. तो शेडमध्ये कुणाचा तरी नांगराचा फाळ घासत होता. मला बघून त्याने मशीन बंद केलं.

"अय अभ्या, कावून पळायलास बे? कपाळाला रगत हाय."

"संस्कृती उतरणीवर गेलीय. थोरलीच्या पुढच्या ब्रेकची वायर तुटणार हाय."

"तुटू दे की. मागचा हाय ना? अन् खाली पट्टी हाय."

मी गुडघ्यांवर हात टेकले. धाप लागली होती, असं मी स्वतःला सांगितलं.

"पट्टी हाय ना बे?"

"काढली."

"कवा?"

"फोटोला."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने हातातला फाळ सावकाश खाली ठेवला.

"पोरीला फोन लावला?"

"घरी इसरली."

"अन् त्या इजयसिंगाला?"

मी कड्याकडे बघितलं.

"नंबर न्हाई व्हय त्याचा?"

"हाय."

धर्मराज माझ्याकडे बघत राहिला. पहिलीपासून आम्ही एकत्र आहोत, पण असं त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. "अभ्या, पोरगी तुझी हाय," तो म्हणाला. "लाव फोन."

मी लावला. बोटं घामाने ओली, दोनदा चुकली. विजयसिंहाने तिसऱ्या रिंगला उचलला. मागे हसण्याचा आवाज येत होता.

"बोला सर! तुमची चॅम्पियन लई फॉर्मात हाय. आमी समदे लवकरच जमलो, म्हनलं कशाला थांबायचं. सोडली तिला आत्ताच. दोन मिनिटांचा लीड दिलाय, तेवढा मान पायजे की सरांच्या पोरीला."

"तिला थांबव."

"आं?"

"इजय, तिला थांबव. पुढच्या ब्रेकची वायर तुटणार हाय. तुटली तर चाक जाम होतंय. तिला पुढचा ब्रेक दाबू देऊ नको."

हसण्याचा आवाज बंद झाला. बहुधा त्याने हात वर केला असावा.

"सर, तुमाला कवा कळलं?"

सात वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. "सात-धाला," मी म्हणालो.

तो म्हणाला, "तवाच सांगायचं होतं सर," आणि फोन कट झाला. पंचवीस मिनिटांपूर्वी ती डांबरी रस्त्यावर होती आणि विजयसिंह तिच्यासमोर गाडी आडवी घालून उभा राहू शकला असता.

"मी मोटारसायकल घेऊन खालनं येतो," धर्मराज म्हणाला आणि शेडमागे पळाला. त्या गुडघ्यांनी पळाला.

शर्यत सुटते तिथून बऱ्याच बाजूला मी कड्याच्या टोकाशी पोचलो तेव्हा खाली सगळी उतरण उघडी दिसत होती. ती तिसऱ्या वळणावर होती. लाल हेल्मेट, खाली मोहरीचा रंग. थोरलीवर कशी बसायची ते मी तिला शिकवलं होतं आणि ती तशीच बसली होती, कोपर बाहेर, बूड सीटच्या मागे, गुडघे सैल. तिसऱ्या वळणाच्या आधी तिने ब्रेक लावला, वेग पडला, ती वळली. लागला ब्रेक. मी श्वास सोडला आणि लगेच पुन्हा धरला, कारण अजून चार वळणं होती आणि प्रत्येक वळणाआधी ती दाबणार होती. उतारावर पुढचा ब्रेक खरा, मागचा नुसता घसरतो, हेही मीच शिकवलं होतं.

"संस्कृती!" मी ओरडलो. वारं माझ्याच तोंडावर येत होतं. आवाज मागे धर्मराजच्या तुरीत गेला असेल. पुन्हा ओरडलो. दगड उचलून खाली फेकला, तो निम्म्यातच झुडपात अडकला.

मग विजयसिंह दिसला. दुसऱ्या वळणातून बाहेर आला तो दगडावरून उडतच. त्याची गाडी मऊ आहे, तिला दगड लागत नाहीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या शॉकअपचे आभार मानले. तो एक हात सोडून हलवत होता. ओरडत असणार. अंतर कमी होत होतं, शंभर पावलं, सत्तर, पन्नास. पकडतो, मी म्हणालो, पकडतो आता.

संस्कृतीने मान वळवून मागे बघितलं. आणि पेडलवर उभी राहिली.

तिला वाटलं तो तिला गाठतोय. दुसरं काय वाटणार? आदल्या रात्री भाकरी खाताना मीच सांगितलं होतं की तो मागून हाका मारेल, घाबरवेल, हात दाखवेल, त्याचं काही ऐकायचं नाही, थांबायचं नाही. माझं ऐकणारी पोरगी आहे ती. चौथं वळण तिने ब्रेक न लावताच काढलं, मागचं चाक घसरत कड्याकडे गेलं आणि सावरलं. पाचवंही तसंच. विजयसिंह मागे पडला. सहाव्या वळणाआधी बिब्याची झाडी आहे. ती झाडीत शिरली. तिथे रस्ता एकदम खाली जातो, तिथे कुणालाही ब्रेक दाबावाच लागतो.

ती पलीकडे बाहेर आली नाही.

आवाज काही आला नाही. मी वाट बघत राहिलो की आत्ता लाल रंग दिसेल. विजयसिंह झाडीत शिरला आणि तोही बाहेर आला नाही.

मेंढरांची एक पायवाट कड्यावरून पाचव्या वळणाला उतरते. धाकटी खांद्यावर टाकून मी तिथून निम्मा घसरत, निम्मा बसत खाली आलो. रस्त्याला लागलो आणि बसलो सायकलवर. मागचा ब्रेक पूर्ण दाबला तरी चाक नुसतं घासत होतं, गाडी थांबत नव्हती. थांबवायचीही नव्हती. दात एकमेकांवर आपटत होते. मनिषाला काय सांगू, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. काय सांगू, काय सांगू. झाडीत शिरलो, दोन्ही पाय खाली टाकले, चपला घासत घासत बांधाच्या दगडाला जाऊन धडकलो.

संस्कृती बसलेली होती. बसलेली, जिवंत. मला दुसरं काही दिसेना.

मग बाकीचं दिसलं. हेल्मेट मधोमध चिरलेलं होतं. हनुवटी फाटली होती आणि विजयसिंहाने आपला शर्ट काढून तिथे दाबून धरला होता. डावा हात मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकला होता आणि तो तिने मांडीवर ठेवला होता, उजव्या हाताने खालून आधार देऊन. थोरली आडवी पडलेली. पुढचं चाक जाम, फास टायरच्या गुट्ट्यांत रुतलेला.

मी जवळ गेलो तशी तिने वर बघितलं. बोलताना तिच्या दातांवर रक्त होतं.

"पप्पा, थोरलीला काय न्हाई झालं," ती म्हणाली. "चिमटा सरळ हाय. मी बघितलं."

हात मोडलेला असताना तिने आधी सायकल बघितली होती. मी आलो की पहिलं तेच विचारणार असं तिला वाटलं होतं. आणि खरं सांगतो, एरवी मी तेच विचारलं असतं.

मी तिच्यासमोर खाली बसलो. विजयसिंह माझ्याकडे बघत होता. उघडा, अंगावर तिच्या रक्ताचे डाग. "सर, माझं चुकलं," तो म्हणाला. "मी लईच मागं लागलो. तिला वाटलं मी रेस मारायलोय. म्हनून जोरात दाबला तिनं."

त्याने तिला फोनचं सांगितलं नव्हतं. मी ज्याच्यासमोर मान खाली घालायची नाही म्हणून पंचवीस मिनिटं घालवली, तोच मला वाट करून देत होता. मी मान हलवली असती तर विषय तिथेच संपला असता. वर थांबलेल्या पोरांनाही तो तेच सांगणार होता. आणि मी अर्धा क्षण तो विचार केला, हेही कबूल करतो.

"त्याचं काय चुकलं न्हाई," मी म्हणालो. "वायर लुनाची होती. मी घासून बसवली होती. तार तुटलेली काल संध्याकाळीच दिसली मला, अन् तू इचारलं तवा मी खोटं बोललो. धर्मराजनं लावलेली पट्टी मी काढली. सकाळी धाकटीची वायर तुटली तवा कळलं की आता तुझी तुटणार. तरी इजयला लगेच फोन केला न्हाई. लाज वाटली मला."

तिने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"किती वेळ केला न्हाई?"

"पंचवीस मिनिटं."

तिने थोरलीच्या जाम चाकाकडे नजर वळवली. रडली असती, ओरडली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं. मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने खांदा काढून घेतला नाही, पण तो कडक झाला आणि मीच हात मागे घेतला.

खालून मोटारसायकलचा आवाज यायला लागला. धर्मराज दगडांवरून गाडी रेटत वर आला, गाडी न बंद करताच वळवली आणि तिचा हात बघून म्हणाला, "चल बाळा. बीडला मोठ्या दवाखान्यात जाऊ. मागं कुनीतरी धरून बसा."

मी उठलो आणि तिला उठवायला हात पुढे केला. तिने आपला चांगला हात विजयसिंहाकडे केला. त्याने तिला उठवलं, दोघांच्या मध्ये बसवलं, मागे स्वतः बसून तिला दोन्ही बाजूंनी धरलं. धर्मराजने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

गाडी सुटायच्या आधी संस्कृतीने मान वळवली. शर्ट हनुवटीला धरलेला असल्याने तिचं बोलणं नीट येत नव्हतं, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"आईला फोन तुमी करा," ती म्हणाली. "अन् आत्ता मला सांगितलं तेच सांगा."

ते गेले. मी खिशातून फोन काढला. झाडीत रेंज नव्हती. रेंज कड्यावरच येते, म्हणून सायकली तिथेच टाकून मी चढायला लागलो.